पुडीने गुडघे दुखायचे थांबले, शुगरही ९८ आली, मग गोळ्या बंद करायच्या का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते, काही चुकलं तर सांगा. आई बासष्ट वर्षांच्या, नाशिकला जेलरोडला बाबांसोबत राहतात, तुम्ही नोकरीला पुण्यात. शुगर दहाएक वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, आणि गेली काही वर्षं गुडघे. शेजारच्या मावशींनी सांगितलं म्हणून दिंडोरीकडच्या एका गावात बसणाऱ्या माणसाकडून पुड्या आणल्या आणि तिसऱ्या दिवशी आई कठड्याला न धरता जिना चढल्या. आता दोन महिने झालेत, चेहरा भरलाय, भूक वाढलीय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. मध्ये उपाशीपोटीची शुगर २१० झाली, तुम्हाला वाटलं आमरसामुळे, तर त्याच माणसाने शुगरची वेगळी पावडर दिली आणि ती ९८ वर आली. आता तो म्हणतो इंग्रजी गोळ्या सोडा, किडनी जाते. तुमचा प्रश्न असा की नैसर्गिक औषधाने एवढा फरक पडत असेल तर गोळ्या सोडायला काय हरकत, आणि डॉक्टर लोक याला विरोध करतात तो कमिशनमुळे का.

आधी आजच्या आज काय करायचं ते सांगते, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल. शुगर-बीपीच्या गोळ्या त्या माणसाच्या सांगण्यावरून अजिबात सोडू नका. शुगरची पावडर आजपासून थांबवा आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर सकाळ-संध्याकाळ बघत रहा, नसेल तर मेडिकलमधून आणा. गुडघ्याच्या पुडीला मात्र फिजिशियनला भेटेपर्यंत हात लावू नका, म्हणजे चालू आहे तशी चालू ठेवा आणि भेट उद्या-परवाच घ्या. हे वाचून तुम्ही म्हणाल डॉक्टरच पुडी चालू ठेवायला सांगतेय. तर तसं नाहीये, पुडी बंदच करायचीय, पण एकदम नाही.

आता कारण. मी स्वतः नाशिकलाच फिजिशियन आहे, सिडकोत दवाखाना आहे, आणि पुडी हा प्रकार माझ्याकडे आठवड्यातून एखादा तरी येतोच. तुमच्या हकिकतीत मला खटकलं ते सगळ्यात आधी 'तिसऱ्या दिवशी'. गुडघ्याची झीज ही वर्षानुवर्षं होणारी गोष्ट आहे, ती कुठल्याही जडीबुटीने तीन दिवसांत भरून येत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडच्याही कुठल्या औषधाने भरून येत नाही. तीन दिवसांत इतका फरक पाडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत, त्यात पहिला नंबर स्टिरॉइडचा आणि दुसरा डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलरचा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनची गोळी अगदी स्वस्त मिळते, कुटून सुंठ-ओव्याच्या चूर्णात मिसळली की चवीलाही कळत नाही.

पुढचं सगळं त्याच्याशी जुळतंय बघा. स्टिरॉइडने भूक वाढते, अंगात तरतरी वाटते, चेहरा गोल होतो, वजन वाढतं, आणि ज्यांना आधीच शुगर आहे त्यांची शुगर वर जाते. म्हणजे जी 'तब्येत सुधारली' दिसतेय तीच मला काळजीची वाटतेय. तुम्ही २१० ला पुडीशी जोडलंच नाहीत, कारण पुडी गुडघ्याची होती आणि शुगरचा दोष आमरसाला गेला. मग शुगरची पावडर आली आणि शुगर झपकन ९८. इथेही तोच संशय. शुगरच्या 'आयुर्वेदिक' पावडरींमध्ये ग्लिबेनक्लामाइड, मेटफॉर्मिन अशी आमचीच औषधं सापडल्याचे प्रकार देशात आणि बाहेरही बऱ्याचदा उघड झालेत, एवढंच काय, फेनफॉर्मिनसुद्धा सापडलंय, जे रक्तात ॲसिड वाढून माणसं दगावतात म्हणून १९७० च्या दशकातच बऱ्याच देशांनी बाजारातून काढलं. म्हणजे शक्यता अशी की आई इंग्रजी औषधच खातायत, फक्त नाव माहीत नाही, डोस माहीत नाही, आणि वरून स्वतःची गोळीही चालू आहे.

हे सगळं इथे बसून लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवा. मी आईंना तपासलेलं नाही, पुडी पाहिलेली नाही. पुडीत खरंच नुसती सुंठ आणि निर्गुडी असू शकते, चेहरा भरण्याला थायरॉइड कारण असू शकतं, सूज असू शकते. म्हणून तपासणी सांगतेय, निकाल देत नाहीये.

एकदम बंद का नाही? आपल्या किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल, त्या रोज कॉर्टिसोल बनवतात, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळायला लागलं की मेंदू या ग्रंथींना काम थांबवायला सांगतो. साधारण तीन आठवड्यांच्या वर असं चाललं तर ग्रंथी सुस्तावतात आणि बाहेरचं अचानक थांबलं तरी लगेच कामाला लागत नाहीत, काहींना महिने लागतात. मग माणसाला गळून गेल्यासारखं होतं, उलट्या, पोटात दुखणं, उभं राहिलं की चक्कर, बीपी खाली, शुगर खाली. त्यात ताप आला किंवा जुलाब लागले तर जिवावर बेततं. पुडी सोडल्यावर 'अंग मोडलं' म्हणून लोक परत पुडी घेतात आणि बरं वाटलं की म्हणतात बघा, औषध किती गुणाचं. आईंना दोन महिने झालेत म्हणून मला ही धास्ती आहे.

आणि माझा संशय खरा असेल तर दोन्ही पावडरींचा एकमेकींशी संबंध आहे. एक शुगर चढवतेय, दुसरी उतरवतेय, ९८ हा त्या दोघींच्या ओढाताणीतून आलेला आकडा आहे. अशात कुणी हुशारी करून गुडघ्याची पुडी एकदम बंद केली आणि शुगरची पावडर अधिक स्वतःची गोळी चालू ठेवली तर शुगर पार खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, असंबद्ध बोलणं असं काही दिसलं तर आधी साखरपाणी द्या आणि नंतर बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, कारण ग्लिबेनक्लामाइडसारख्या औषधाने उतरलेली शुगर एकदा वर येऊन पुन्हा पडते, वयस्कर माणसात तर दिवसभर लक्ष ठेवावं लागतं. बोलण्याइतकी शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, सरळ १०८ ला फोन.

फिजिशियनकडे गेलात की त्यांना सगळं सांगा, लाजू नका. ते बहुतेक सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल करायला सांगतील, ते खूप कमी आलं तर बाहेरून स्टिरॉइड जातंय हा संशय पक्का होतो. सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम-पोटॅशियम, एसजीपीटी (लिव्हरसाठी), हिमोग्लोबिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि एचबीए१सी. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण ते अंदाजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, एका सकाळच्या ९८ ने फसायला होत नाही. स्टिरॉइडमध्ये बहुतेक वेळा जेवणानंतरची शुगर जास्त चढते, म्हणून उपाशीपोटीची चांगली आली तरी जेवणानंतर दोन तासांची बघितल्याशिवाय खुश होऊ नका. कॉर्टिसोल दबलेलं निघालं तर डॉक्टर मोजून मापून स्टिरॉइड स्वतः चालू करतील आणि हळूहळू कमी करत नेतील. ऐकायला विचित्र वाटतं, पण तोच सुरक्षित रस्ता आहे. मधल्या काळात काही ऑपरेशन, दात काढणं, मोठा ताप असं आलं तर त्या डॉक्टरला 'स्टिरॉइड घेत होत्या' हे आवर्जून सांगायचं.

आणि पुडी सोबत न्या. मी माझ्या पेशंटना सांगते की घरात जे जे खाता ते सगळं एका पिशवीत घालून आणा. अलीकडेच एक बाई आल्या होत्या, त्यांनी टेबलावर झिपवाल्या पारदर्शक पाकिटातली पावडर ठेवली. तपकिरी रंग, ओव्याचा वास. मी थोडी पांढऱ्या कागदावर पसरून पेनाच्या टोकाने बाजूला केली तर तपकिरी चूर्णात मधेमधे पांढरे, टणक कण, आणि एका कणाला चक्क सपाट कड, गोळी नीट न कुटली गेल्यासारखी. पाकिटावर ना नाव, ना घटक, ना पत्ता, फक्त स्केचपेनने 'स.' आणि 'रा.'. त्यांच्या हाताला पातळ कागदासारखी कातडी आणि जांभळे डाग होते, कुठे लागल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. नुसत्या नजरेने स्टिरॉइड ओळखता येत नाही हे खरंच, त्याला लॅब लागते आणि साध्या पॅथॉलॉजीत ती तपासणी होत नाही, पण हाताचे डाग, बीपी आणि कॉर्टिसोल एकत्र ठेवलं की चित्र स्पष्ट होतं.

कायद्याचं म्हणाल तर कंपनीच्या आयुर्वेदिक औषधाला लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता हे सगळं लागतं. पण वैद्य स्वतःच्या पेशंटसाठी स्वतः औषध बनवून देत असेल तर त्याला त्या लायसन्समधून सूट आहे. सूट चांगल्या हेतूने दिलेली, चूर्णं-काढे करून देणाऱ्या वैद्यांसाठी. तिचा आडोसा कोण कोण घेतं ते आपण बघतोय. १९५४ चा जादूटोण्यासारख्या उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदाही आहे, ज्यात मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायलाच बंदी आहे, तरी हायवेच्या भिंती वाचत जा कधी. तक्रार करायची असेल तर एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे होते, उरलेली पुडी जपून ठेवा.

आता 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट कसा होईल' याबद्दल. कण्हेर नैसर्गिक आहे, धोतरा नैसर्गिक आहे, दोन्ही आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतात आणि दोन्हींनी माणसं मरतात. हे फार टोकाचं वाटत असेल तर दुधी घ्या. सकाळी जॉगिंग ट्रॅकबाहेर ग्लासभर हिरवा ज्यूस पिणारी मंडळी तुम्हीही बघितली असतील, त्यात शुगरवाले सगळ्यात जास्त. दुधी कधीकधी कडू निघतो, त्या कडवटपणात कुकरबिटासिन नावाचं विष असतं, त्याने उलट्या, रक्ताचे जुलाब, बीपी कोसळणं होतं. २०१० च्या आसपास अशा ज्यूसने मृत्यू झाल्यावर आयसीएमआरला, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला, समिती नेमून सांगावं लागलं की कडू लागला तर थुंका, पिऊ नका. आणि आपली माणसं काय म्हणतात, कडू आहे म्हणजे शुगरला चांगलं, डोळे मिटून घोट घ्या!

गुळवेलीचं तसंच. कोविडच्या काळात घरोघरी काढा सुरू झाला आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंटची माहिती छापली ज्यांना गुळवेल घेतल्यावर कावीळ झाली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती दुसऱ्याच जातीची वेल असेल. असेलही. पण मग कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्या काकांना ती कुठल्या जातीची हे कसं कळायचं, हा प्रश्न उरतोच. धातूंचं अजून वेगळं, अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, ते २००४ मध्ये छापून आलं. भस्म नीट केलेलं असेल तर अपाय होत नाही असं म्हणतात, पण रक्तात शिसं वाढलेला पेशंट समोर बसला की ते भस्म नीट केलेलं होतं की नव्हतं याने त्याला काही फरक पडत नाही.

किडनीचं तर मला रोज ऐकावं लागतं म्हणून जरा थांबून सांगते. मेटफॉर्मिनने किडनी जात नाही. किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने, वाढलेल्या बीपीने, आणि पेनकिलरने. मग हा समज आला कुठून? तर किडनी आधीच खराब झाली असेल तर मेटफॉर्मिन शरीरात साठू शकतं, म्हणून आम्ही डोस कमी करतो किंवा बंद करतो. घरच्यांना दिसतं एवढंच, क्रिएटिनिन वाढलं आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली, म्हणजे गोळीनेच केलं असणार. बीपीची टेल्मिसार्टन तर शुगरवाल्यांच्या लघवीतून प्रोटीन जात असेल तेव्हा किडनी वाचवायलाच देतात. आईंच्या पुडीत स्टिरॉइडऐवजी पेनकिलर निघालं तर किडनीला खरा धोका त्या पुडीचा आहे. शौचाला काळं डांबरासारखं होतंय का तेही आईंना विचारा, पेनकिलरने पोटात रक्तस्राव होतो तेव्हा असं होतं.

इथवर आलात तर एवढं पक्कं झालं: गोळ्या चालू, शुगरची पावडर बंद, गुडघ्याची पुडी डॉक्टर ठरवतील तशी कमी करायची, रक्त सकाळी द्यायचं, पुडी सोबत न्यायची. आता कमिशनकडे वळते, कारण तो प्रश्न तुम्ही संकोचून विचारलाय आणि तो खोटा नाहीये.

कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं, आहे. नाशिकमध्ये आहे, पुण्यात आहे, सगळीकडे आहे, नाही म्हणणारा डॉक्टर एक तर नशीबवान असेल नाहीतर खोटं बोलत असेल. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला समिती नेमली होती, म्हणजे रोग आहे हे सरकारलाही मान्य आहे. नको त्या तपासण्या होतात, नको ते स्टेंट बसतात, ओपीडीत पेशंटला धड तीन मिनिटं मिळत नाहीत. तो पुडीवाला माणूस आईंशी वीस मिनिटं बोलला असेल, गुडघ्याला हात लावून बघितलं असेल, सूनबाई कशी आहे विचारलं असेल. लोक त्याच्याकडे जातात ते मूर्ख म्हणून जात नाहीत, हे मला कळतं आणि आमच्या धंद्याला ते लागावं असंही वाटतं. पण डॉक्टर लुच्चा निघाला म्हणून पुडीत काय आहे ते बदलत नाही. त्यासाठी पुडीच तपासावी लागते.

आणि म्हणून मी 'आयुर्वेद की ॲलोपॅथी' या भांडणात पडत नाही. इथे म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून, तिथूनच एमबीबीएसची पदवी निघते आणि तिथूनच बीएएमएस, बीएचएमएसची. नाशिकमध्ये असे वैद्य आहेत जे औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून देतात, शुगर हाताबाहेर दिसली तर स्वतःहून आमच्याकडे पाठवतात, आणि या पुडीवाल्यांवर माझ्यापेक्षा जास्त चिडलेले असतात. त्यांच्या प्रत्येक औषधाला पुरावा आहे असं मी म्हणणार नाही, बऱ्याचशाला नाही. पण काय दिलंय ते कळतं, इतपत तरी बोलता येतं.

माझं मोजमाप सगळ्यांना एकच आहे, काय आहे, किती आहे, आणि ते न घेणाऱ्यांच्या तुलनेत घेणाऱ्यांना खरंच फरक पडला का. हे मोजमाप आमच्या लोकांनाही लावा. गुडघ्यात दुर्बीण घालून धुऊन काढायचं ऑपरेशन जगभर धडाक्यात चालायचं, पेशंट खुश असायचे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० पेशंट घेतले (निकाल २००२ मध्ये छापला), काहींचं खरं ऑपरेशन केलं आणि काहींना नुसता वरून छेद देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. पुढे दोन वर्षं दोन्हीकडे दुखणं सारखंच. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या आजही सर्रास लिहिल्या जातात, अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये छापून आला त्यात एकूण पेशंटमध्ये औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा जास्त काही निघालं नाही. तुमच्या आईंना कुणी महिन्याला हजार-बाराशेची ग्लुकोसामाइन दिली असेल तर तीही मी सोडायलाच सांगेन.

उलट बाजूनेही बघा. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या पेशंटना देऊन, आकडे नोंदवून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, आणि जगाने ती उचलली. तिच्यातून रेसरपिन निघालं, ते बरीच वर्षं वापरलं, मग त्याने काहींना उदासी येते असं दिसलं आणि चांगली औषधं आल्यावर मागे पडलं. वनस्पती आहे म्हणून कुणी नाकारली नाही आणि प्राचीन आहे म्हणून कुणी डोक्यावर घेऊन नाचलं नाही. मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा युरोपातल्या एका रानटी झाडात आहे. त्यामुळे 'डॉक्टर झाडपाल्याच्या विरोधात असतात' हे मला ऐकायला गंमतीशीर वाटतं. पाच हजार वर्षांच्या परंपरेचंही तेच. युरोपात दोन हजार वर्षं प्रत्येक तापाला रक्त काढायचे, आणि १८३० च्या दशकात पॅरिसच्या पिएर लुई नावाच्या डॉक्टरने न्यूमोनियाचे पेशंट मोजून बघितले तेव्हा कळायला लागलं की त्याचा फारसा उपयोग नाही. तोवर सगळ्यांचा अनुभव चांगलाच होता.

अनुभव असा का फसवतो? गुडघ्याचं दुखणं कमीजास्त होत राहतं, थंडीत वाढतं, लग्नसराईत धावपळ झाली की वाढतं, मग आपोआप उतरतं. माणूस औषध शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही केलं, तेल लावलं, तांब्याचं कडं घातलं, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या घेतल्या, तरी बरं वाटायची शक्यता जास्तच असते, आणि श्रेय त्या आठवड्यात जे हातात असेल त्याला जातं. ज्यांना फरक पडला नाही ते शेजारणीला सांगत बसत नाहीत. गोड गोळ्यांवरून आठवलं, होमिओपॅथीच्या जास्त पोटेन्सीच्या औषधात मूळ द्रव्याचा एक रेणूही उरत नाही, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी वैद्यकीय परिषदेने २०१५ मध्ये सगळा अभ्यास चाळून कुठल्याच आजारात तिचा खात्रीलायक उपयोग नाही असं म्हटलं. तरी स्टिरॉइडच्या पुडीपेक्षा मला ती परवडली, निदान किडनीला काही करत नाही. अर्थात गोळी खरी होमिओपॅथीचीच असेल तर, आणि शुगरची गोळी सोडायला लावत नसतील तर.

आईंशी बोलताना एक सांगते, माझ्याकडे भांडत आलेली मुलं-आया खूप बघितलीत. 'तुला फसवलंय' असं बोललात की त्या पुडी लपवून खातील, आणि लपवून खाल्लेली पुडी सगळ्यात धोक्याची, कारण मग आकडे का हलतायत तेच कळत नाही. त्यांचं दुखणं खरं होतं, आराम पडला तोही खरा आहे, तिथून सुरुवात करा. 'आई, एवढा गुण आलाय तर आत काय आहे ते डॉक्टरांकडून बघून घेऊ' एवढंच म्हणा. शेजारच्या मावशींनाही यात घ्या, त्याही तीच पुडी खात असणार. बाबांना घामाची-थरथरीची लक्षणं समजावून ठेवा, पुण्याहून तुम्ही फोनवर काय करणार.

शेवटी गुडघा, कारण पुडी गेली की तो परत दुखणार आहे आणि त्याला काही दिलं नाही तर आई आठवड्यात दिंडोरीच्या बसमध्ये बसतील. 'ग्रीस संपलंय' असं त्यांना सांगितलं असेल, आमच्यातलेही सांगतात, पटकन समजतं म्हणून. खरं म्हणजे सांध्यातल्या कूर्चेची, म्हणजे हाडांमधल्या गादीची, झीज असते, आसपासचे स्नायू कमजोर झालेले असतात, हाडाला कड आलेली असते, आणि एक्स-रेमध्ये जितकं वाईट दिसतं तितकंच दुखेल असंही नसतं. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या व्यायामाला आणि वजन कमी करण्याला, दोन्ही कंटाळवाणे. एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, त्यामुळे तीन-चार किलोसुद्धा फुकट जात नाहीत. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा दाबणं, हे एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, मग घरी करता येतं. मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास थोडे दिवस टाळा, कमोडची खुर्ची मिळते. वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं जेल पोटातल्या गोळीपेक्षा बरंच सुरक्षित असतं, पण आईंच्या क्रिएटिनिनचा आकडा बघूनच, डॉक्टरांना विचारून. शेकायचं असेल तर शेका, तेल चोळायचं असेल तर चोळा, त्याने कुणाचं वाईट झालेलं नाही. एवढं करूनही रात्री झोपू देत नसेल तर सांधा बदलण्याबद्दल ऑर्थोपेडिक सर्जनशी बोला, दोन मतं घ्या, आणि शुगर आटोक्यात आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

रिपोर्ट आले की टाका, मी बघते. कॉर्टिसोलचं रक्त किती वाजता दिलं आणि त्या दिवशी पुडी आधी घेतली होती की नंतर हे सोबत लिहा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. आणि फोटो टाकताना आईंचं नाव आणि मोबाईल नंबर झाका.